व्हॅम्पायरच्या नोंदी: लाकडी पोट आणि बुजलेलं भोक

२ फेब्रुवारी

आमच्या म्युझियमचं व्हॅम्पायर विमान आलं एकदाचं हँगरमध्ये. वीसहून जास्त वर्षं उघड्यावर उभं होतं आणि आज सकाळपासून आठ जणांनी मिळून ते शंभर मीटर सरकवलं, त्यात चार तास गेले कारण दोन्ही मेन टायर कधीच बसलेत आणि रबर दगडासारखं झालंय, म्हणून जॅकवर उचलून खाली ट्रॉल्या घातल्या. पुढचं चाक मात्र छान फिरलं, आश्चर्यच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डी हॅविलँड व्हॅम्पायर, एक सीटचं, एफबी-५२ (एफबी म्हणजे फायटर-बॉम्बर), म्हणजे एफबी-६ ची एक्सपोर्टची आवृत्ती. पहिलं व्हॅम्पायर २० सप्टेंबर १९४३ ला उडालं, डिझाइनच्या वेळी त्याला 'स्पायडर क्रॅब' म्हणायचे, आणि मागनं बघितलं की नाव का दिलं असेल ते कळतं. मधे बुटकं पोट, दोन्ही बाजूंनी दोन लांब दांडे मागे जातात आणि शेपटाला जाऊन मिळतात. ही काही फॅशन नव्हती. तेव्हाच्या जेट इंजिनांचा जोरच कमी, त्यात झोत लांब नळीतून मागे नेला तर आणखी वाया जाणार, म्हणून नळी आखूड ठेवली आणि शेपूट दांड्यांवर टांगलं.

आणि हो, मधलं पोट लाकडाचं आहे. ताशी ८८० किलोमीटरच्या आसपास जाणारं जेट लढाऊ विमान, आणि पायलट लाकडात बसलेला. लोकांना सांगितलं की पहिल्यांदा हसतात आणि मग बोटानं टकटक करून बघतात. (करू नका रे, बोर्ड लावलाय.)

९ फेब्रुवारी

आज फक्त सेफ्टी. कंटाळवाणं वाटतं पण हे झाल्याशिवाय कोणी पाना उचलायचा नाही असा आमचं काम बघणाऱ्या मॅडमचा नियम, आणि बरोबरच आहे.

तोफा चार, २० मिमीच्या हिस्पानो, नाकाच्या खाली. आधीच निकामी केलेल्या आहेत, कागद आहेत, तरी काकांनी एकेक चेंबर टॉर्च मारून स्वतः बघितला. काका हवाई दलातून रिटायर झालेले, कागदावर त्यांचा विश्वास नाही. या मॉडेलला इजेक्शन सीट (संकटात पायलटला बाहेर फेकणारी) नाहीये त्यामुळे सीटखालच्या काडतुसांची डोकेदुखी वाचली.

खरी भीती पॅनलची. जुन्या डायलवरचे आकडे रात्री चमकायला रेडियमचा रंग लावायचे. आता ते अंधारात अजिबात चमकत नाहीत आणि इथेच माणूस फसतो. चमकणारी पावडर, म्हणजे झिंक सल्फाइड, ती इतक्या वर्षांत मेलीय, रेडियम मात्र जिवंत आहे. त्याचं अर्धआयुष्य साधारण १६०० वर्षं, म्हणजे आमच्या हिशेबानं कालच लावलाय. रेडिएशन मीटर जवळ नेला तर सहा डायल कडाकडा बोलले. एकाची काच तडकलीय, तो सगळ्यात वाईट, कारण रंगाचा भुगा श्वासातून आत गेला तर संपलं. हातमोजे, मास्क, डबल पिशवी, लेबल, वेगळ्या हवेशीर कपाटात. काच उघडून पुसायचा मोह कोणालाही होऊ नये म्हणून कपाटाची किल्ली मॅडमकडे.

सीटमागे उंदरांचं घर मिळालं. उंदराच्या मुताने अॅल्युमिनियमची काय वाट लागते हे ज्यांनी बघितलं नाही ते सुखी.

१६ फेब्रुवारी

टकटक दिवस. लाकडी पोट तपासायची सगळ्यात भारी पद्धत आणि लागतं काय तर एक नाणं. पूर्ण पोटावर खडूने हाताच्या पंजाएवढे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात नाण्याने ठोकून ऐकत गेलो. चांगल्या जागी 'टक' असा कोरडा, टणक आवाज येतो. थर सुटला असेल तर 'डब', पोकळ. कुजलं असेल तर आवाजच येत नाही, नाणं जणू उशीवर पडतं.

हे असं का होतं ते सांगतो. पोटाची भिंत म्हणजे बाहेर बर्च प्लायवूडचा पातळ पत्रा, आत तसाच दुसरा, मधे बाल्सा लाकडाचा जाड थर. बाल्सा इतकं हलकं की मोठा ठोकळा दोन बोटांत उचलला जातो. जोर सगळा बाहेरच्या दोन पत्र्यांवर येतो, मधल्या बाल्साचं काम एवढंच की ते दोघं एकमेकांपासून लांब राहिले पाहिजेत. पुठ्ठ्याच्या खोक्यात मधे तो नागमोडी कागद असतो ना, तेच गणित. हीच पद्धत कंपनीने आधी मॉस्किटो बॉम्बरला वापरली होती. पोटाचे डावे-उजवे अर्धे भाग साच्यावर वेगवेगळे बनवायचे आणि मग शेंग मिटावी तसे जोडायचे.

दोन तास ठोकल्यावर कान इतके तयार झाले की जेवताना मी टेबल ठोकून बघत होतो.

निकाल: वरचा भाग मस्त. डावी बाजू मस्त. उजवीकडे खाली, कॉकपिटच्या मागे, सलग अकरा चौकोन उशी.

२३ फेब्रुवारी

मॉइश्चर मीटर लावला. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी सहसा लागत नाही. चांगल्या जागी १२ ते १३ दाखवतोय. त्या अकरा चौकोनांत २८, ३१, आणि एका ठिकाणी आकडा स्केलच्या बाहेर. हँगरमध्ये तीन आठवडे उभं आहे, बाहेर थेंब पाऊस नाही, तरी आत पाणी आहे म्हणजे ते आत कोंडलेलं आहे.

मग वरचा रंग थोडा खरवडला तर खाली लाकूड नाही, कापड नाही, पुट्टी. गाडीच्या डेंटवर मारतात ती. अर्धा सेंटिमीटर जाड, गुळगुळीत घासलेली, वरून तीन हात रंग. बाहेरून एकदम चकाचक, कोणी म्हणावं काय सुंदर ठेवलंय विमान. काका काहीच बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत बसले, त्यांचा राग असाच असतो.

मी मात्र बोललो. ज्याने कोणी ही पुट्टी भरली त्याला विमानाच्या लाकडात आणि स्कूटरच्या मडगार्डमध्ये फरक कळत नाही असं मोठ्याने म्हणालो आणि सगळे हसले. हे वाक्य लक्षात ठेवा.

२ मार्च

फार काही नाही. टायरवरचा भार काढला, विमान आता कायमचं स्टँडवर. कॅनपीचं, म्हणजे कॉकपिटवरच्या झाकणाचं, पर्स्पेक्स (काचेसारखं प्लास्टिक) बघितलं, बारीक जाळीसारखे तडे आहेत, पॉलिशने जाणारे नाहीत. ओरखडे जातील, तडे नाही. आहे तसंच ठेवायचं ठरलं.

९ मार्च

उघडलं. मिस्त्री खास आले होते, फर्निचरचे कारागीर, विमानाचं लाकूड पहिल्यांदाच हातात घेत होते पण त्यांचा हात बघून असं वाटलं नाही. पुट्टी मशीनने काढायची नाही, पटाशीने, थोडी थोडी, कारण खाली काय आहे ते माहीत नाही. दीड तासाने प्लाय दिसलं, काळं पडलेलं. त्यात पटाशी नुसती टेकवली तर आत गेली.

बाल्सा म्हणून जे काही होतं ते ओल्या चहापत्तीसारखं हातात आलं. मुठीत दाबलं तर पाणी गळलं. वास तळघराचा.

पण त्या सडलेल्या भागाच्या वरच्या कडेला एक भारी गोष्ट मिळाली. एक जुनी दुरुस्ती, विमान नोकरीत असतानाची. कोणीतरी हातभर लांबीचा प्लायचा तुकडा बदललाय आणि सांधा असा तिरका घेतलाय की बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. प्लायला जोड देताना कडा उभी कापायची नसते, लांब उतार काढायचा, जाडीच्या बारा पट. म्हणजे प्लाय २ मिमी असेल तर २४ मिमीचा उतार, दोन्हीकडून, आणि एकावर एक बसवून चिकटवायचं. मिस्त्रींनी तो सांधा भिंग लावून बघितला, मग म्हणाले, "याचा रंधा कसला धारदार असेल हो." इतकी वर्षं झाली, शेजारी सगळं कुजलं, तो तुकडा मात्र जसाच्या तसा टक.

तो ठेवायचा, नवीन काम त्याच्या खालून सुरू करायचं. यावर वाद झालाच नाही.

आता पोट उघडं ठेवून हळूहळू वाळवायचं. हीटर लावू का असं एका नवीन पोराने विचारलं. नाही. पटकन वाळवलं तर प्लाय तडकतं आणि वाकडं होतं. पंखा, तोही लांबून.

१६ मार्च

पाणी आलं कुठून हा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. पोटाच्या तळाला पाणी निचरायची छोटी भोकं असतात, पेन्सिल जाईल एवढी. डावीकडची सापडली. उजवीकडे नाही. ड्रॉइंगमध्ये आहेत, विमानावर नाहीत.

मग रंगाची खिडकी काढली. हे काम मला फार आवडतं. रंगावर एका जागी ओल्या घासपेपरने गोल गोल घासत जायचं, आधी ४००, मग ६००, मग १०००, बाहेर कमी आणि मधे जास्त, म्हणजे एकेक थर झाडाच्या वर्तुळांसारखा उघडा पडतो. ओलंच घासायचं, जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं आणि त्याची धूळ कॅन्सरला आमंत्रण. मधून बाहेर मोजलं: कापड आणि डोप (कापड ताणून घट्ट करणारं वार्निश), मग चंदेरी, मग हिरवा-करडा कॅमोफ्लाज, परत चंदेरी, मग म्युझियमचा पहिला पांढरट, मग म्युझियमचा दुसरा, चमकदार, जाड.

पुट्टी त्या दोन म्युझियम थरांच्या मधे आहे. आणि भोकांच्या जागी पुट्टीखाली मास्किंग टेपचे गोल तुकडे मिळाले, रंग आत जाऊ नये म्हणून चिकटवलेले आणि मग काढायचे विसरलेले. त्यावर पुट्टी, त्यावर रंग. पाणी वरून कॅनपीच्या रबरातून येत राहिलं आणि खाली दार बंद.

दुसरा रंग कधी मारला ते बघायला जुने फोटो काढले. अकरा वर्षांपूर्वी, व्हॉलंटियर कॅम्प, दहा-बारा पोरं. उजव्या बाजूला, खाली, गुडघ्यावर बसून पुट्टी घासणारा, तोंडाला रुमाल, अंगात निळा शर्ट. तो मी.

मला आठवतंय सुद्धा. पहिलाच महिना होता. 'ही भोकं वाईट दिसतात' असं कोणीतरी म्हणालं होतं, कोण ते आठवत नाही, मीच असू शकतो. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी विमान इतकं चमकत होतं की सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले.

काकांना फोटो दाखवला. म्हणाले, "स्कूटरचं मडगार्ड का?" आणि गेले पुढे.

२३ मार्च

रंगावरून जोरदार मीटिंग. अर्ध्या लोकांना नवीन कॅमोफ्लाज हवा, शार्प, फोटोत मस्त दिसेल. मॅडमचं म्हणणं की खालचे नोकरीतले चार थर म्हणजे विमानाचा इतिहास आहे, तो एकदा घासला की पुन्हा मिळत नाही, आणि नवा रंग कधीही मारता येतो. मी महिन्याभरापूर्वी पहिल्या पार्टीत होतो, खरं सांगतो. आता खिडकी बघून आल्यावर तोंड उघडलं नाही.

ठरलं ते असं. म्युझियमचे दोन थर काढायचे, नोकरीतला शेवटचा चंदेरी जिथे टिकलाय तिथे तो दाखवायचा, डाग आणि ओरखड्यांसकट. नवीन लाकडावर फक्त त्याच्याशी मिळताजुळता मॅट रंग, दोन फुटांवरून लक्षात यावा असा. एक जण म्हणाला हे ठिगळ दिसेल. मॅडम म्हणाल्या, दिसू दे.

६ एप्रिल

लाकूड वाळतंय म्हणून दांड्यांकडे वळलो. दांडे, पंख, शेपूट सगळं धातूचं. डाव्या दांड्याच्या खालच्या पॅनलवर पांढरी पावडर आणि रंगाला फोड, खास करून स्टीलच्या बोल्टभोवती. दोन वेगळे धातू, मधे पाणी, झाली बॅटरी, आणि त्यात अॅल्युमिनियम मरतं. घासायला नायलॉनचं पॅड, स्टील वूल नाही, स्टीलचे कण पत्र्यात रुतून नवीन गंज सुरू करतात.

एक छोटं पॅनल वाचणार नव्हतं, ते बदललं. जुने रिव्हेट काढताना बरोबर डोक्याच्या मध्यावर ड्रिल धरायचं आणि डोक्याच्या जाडीइतकंच आत जायचं, मग टोचा मारून डोकं उडवायचं. चव्वेचाळीस रिव्हेट नीट निघाले. पंचेचाळिसाव्याला माझं ड्रिल घसरलं आणि भोक लंबगोल झालं. आता तिथे एक साइज मोठा रिव्हेट. आतून लोखंडी ठोकळा धरायला त्या नवीन पोराला पाठवलं, त्याचा हात दांड्यात जातो, माझा नाही जात. ठोकल्यावर मागचं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच झालं पाहिजे. त्याने आतून आरसा धरून एकेक मोजून सांगितलं, सहा परत काढायला लावले. पोरगं होणार तयार.

२० एप्रिल

ओलावा १४. चला.

कुजलेला भाग पूर्ण काढून त्याच्या पलीकडे चांगल्या लाकडात आणखी चार बोटं गेलो, कारण बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्याच्याही पुढे गेलेले असतात. कडांना बारास एकचा उतार मिस्त्रींनी काढला, छोट्या रंध्याने आणि शेवटी घासपेपर लावलेल्या पट्टीने. मला फक्त पट्टी धरायला दिली.

गोंद युरिया-फॉर्माल्डिहाइडचा, त्या काळी वापरायचे त्याच जातीचा. गंमत अशी की तो मिसळून लावायचा नसतो. पावडर पाण्यात कालवून एका लाकडाला, आणि हार्डनर, म्हणजे फॉर्मिक अॅसिड, दुसऱ्या लाकडाला. दोन्ही एकमेकांना भेटले की घड्याळ सुरू. मॉस्किटोच्या सुरुवातीच्या विमानांना दुधापासूनचा केसीन गोंद होता आणि दमट हवेत बुरशीला तो आवडायचा, म्हणून असले सिंथेटिक गोंद आले.

आधी सॅम्पल. टाकाऊ प्लायचे तुकडे जोडून दुसऱ्या दिवशी मोडायचे. लाकूड फाटलं तर पास, जोड सुटला तर नापास. आमचे पहिले तिन्ही नापास. गोंद पातळ झाला होता, मी वजन न करता अंदाजाने पाणी घातलं होतं. परत.

४ मे

सॅम्पल पास, पाचच्या पाच लाकडात फाटले.

आज आतल्या पत्र्याचा तुकडा आणि बाल्सा बसवला. बाल्साच्या पट्ट्या पोटाच्या गोलाईप्रमाणे एकेक घासून, शेजारच्या पट्टीला कागद जाणार नाही इतक्या घट्ट. गोलाईवर शिकंजा बसत नाही म्हणून वाळूच्या पिशव्या आणि बेल्ट. अॅसिडच्या वासाने डोळ्यांत पाणी, सगळे एकमेकांकडे बघून हसतायत आणि रडतायत. बाहेरचं प्लाय पुढच्या रविवारी.

२५ मे

बाहेरचं प्लाय बसलं, जुन्या दुरुस्तीला खालून जाऊन मिळालं. बोट फिरवलं तर आमचा जोड लागतो. त्यांचा लागत नाही.

तुकड्याच्या आतल्या बाजूला, कॉकपिटमागून आरसा घालून बघितलं तर दिसेल अशा जागी, पेन्सिलने तारीख, लाकडाची जात, गोंदाचा प्रकार लिहिला. फाइलमध्ये अकरा वर्षांपूर्वीच्या पुट्टीचं पान नव्हतं, ते मी नव्याने लिहून लावलं, फोटोसकट. मॅडमनी नाव लिहायला सांगितलं, लिहिलं.

मग भोकं. ड्रॉइंगवरून माप घेऊन तीन पाडली, कडांना आतून वार्निश, कारण कापलेल्या कडेतूनच लाकूड पाणी पितं. वर बारीक सुती कापड ताणून डोप, भोकांच्या जागी कापड गरम सळईने उघडलं, नाहीतर आम्ही परत तेच केलं असतं.

८ जून

कॅनपीला नवीन रबर. वरून दोन लिटर पाणी मुद्दाम ओतलं, सगळे खाली टॉर्च घेऊन आडवे. काही थेंब अजून आत येतायत, पुढच्या कोपऱ्यातून, ते शोधायचंय. पण साधारण मिनिटभराने उजवीकडच्या मधल्या भोकातून पाणी टपकायला लागलं, थेट काकांच्या चष्म्यावर.

मीटर: १२.